नारळ फुटला, गॅस कुठे आहे? कचरा व्यवस्थापन मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय, गोवा राज्य,

सादर नमस्कार. परवा रात्री आमच्या घरामागे कचरा पेटला. जिथे पेटला, तिथे खरं तर बायोगॅस तयार व्हायचा होता. निवडणुकीच्या तोंडावर गावच्या कारभाऱ्यांनी नारळ फोडला, पेढे वाटले, अंगणवाडीचा स्वयंपाक याच गॅसवर होणार म्हणाले. आज तिथे टाकी आहे, टाकीत गेल्या पावसाचं पाणी आणि पाण्यात डासांच्या अळ्या. तेवढं उत्पादन मात्र नियमित निघतं.

आईला दमा. रात्रभर तिला बसवून ठेवलं, खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबले. सकाळी तुळशीवर काजळी. मुलीला बघायला पाहुणे येणार होते, त्यांना पुढच्या आठवड्यात या म्हणालो. तोवर इथे कसला सुगंध सुटणार, देव जाणे.

बायको माशांची खवलं, भाजीची देठं एका बादलीत ठेवते, पिशव्या दुसरीत. टेम्पोवाला दोन्ही एकाच हौद्यात ओततो. विचारलं तर म्हणतो, "काका, पुढे सगळं एकच होतं." ओला-सुका वेगळा करा, हे 2016 च्या घनकचरा नियमांपासूनच आहे ना? टाकीत प्लॅस्टिक गेलं की ती तुंबते. तिथले जिवाणू पुढाऱ्यांसारखे वाट्टेल ते पचवत नाहीत.

गोव्यात हे जमत नाही म्हणावं, तर साळगावला 2016 पासून ओल्या कचऱ्याच्या गॅसवर वीज होते. टनभर ओल्या कचऱ्यातून शंभरेक घनमीटर गॅस निघतो म्हणे, म्हणजे घरगुती तीन सिलिंडर तरी. उरलेला रबडा माझ्या पोफळींना घालीन. आमचा बाजार, हॉटेलं आणि हंगामात फेणीच्या भट्ट्यांवरचा काजूच्या बोंडांचा चोथा धरला, तर रोज टनभर सहज होईल. मी काटा लावलेला नाही. पण प्रकल्पाचा अहवाल लिहिणाऱ्यांनी तरी कुठे लावला होता?

मागणं मोठं नाही. टेम्पोला दोन कप्पे करा, टाकी साफ करून चालवायला एक जाणता माणूस नेमा. पण माणसाच्या पगाराचं नाव काढलं की निधी नसतो. बांधकामाला पैसा असतो, कारण बांधकामात पैसा असतो! पर्यटकाला किनारा चकाचक दिसला की राज्य स्वच्छ झालं. धूर खायला आमचे वाडे आहेतच. मत मागायला दारात येता तेव्हा वास येत नाही का कुणाला?

नवी कोनशिला नको. आधी त्या टाकीवर झाकण घाला. आणि उत्तर धाडाल तर 'चौकशी चालू आहे' सोडून काहीही लिहा.

आपला,
घरपट्टी वेळेवर भरणारा एक डिचोलीकर