आत्यांच्या सह्यांबद्दल

तासगाव

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आबा, आजीची वारसनोंद करताना दोन्ही आत्यांची हक्कसोडपत्रं करून घेऊ, सगळे तसंच करतात." घरात माणसं होती म्हणून गप्प बसलो. पण मी ते करणार नाही.

तुझे आजोबा गेले तेव्हा मी सहावीत होतो. १९७२चा दुष्काळ नुकताच सरला होता. त्या दुष्काळात आई सरकारी कामावर खडी फोडायला जायची आणि तिथं खायला मिळालेली सुकडी पदराला बांधून घरी आणायची. थोरली आत्या तिच्यातली मूठभर माझ्या ताटलीत सारायची.

आजोबांच्या मागं भावकीनं सातबाऱ्यावर माझं नाव मालकीला आणि आईचं 'इतर हक्कात' लावलं. नवऱ्याच्या हिश्शात बायकोला आणि मुलींनाही मुलग्याइतकाच वाटा, हे १९५६च्या कायद्यातच होतं. पण गावात ते बोलायचं कोणी? आईला अक्षर येत नव्हतं. रात्री कंदिलाजवळ बसवून तिनं मला उतारा वाचायला लावला. "माझं नाव कुठं हाय?" मी उजवीकडच्या रकान्यावर बोट ठेवलं. "आन् तुझं?" मी बोट मधल्या रकान्यात आणलं. त्या दोन रकान्यांमधल्या रेघेकडं ती बराच वेळ बघत राहिली.

मग तालुक्याला हेलपाटे सुरू झाले. कितीदा हात हलवत परत आली, पण शेवटी नाव मधल्या रकान्यात आणलंच. मुलींची नावं मात्र राहिली ती राहिलीच. ती खंत तिनं माझ्याजवळ कितीतरी वेळा बोलून दाखवली.

नाव लागलं म्हणून सोसायटीचं कर्ज मिळालं, आणि त्या कर्जावर थॉमसन द्राक्षांची बाग उभी राहिली. छाटणी म्हणजे गड्यांचं काम. एका ऑक्टोबरात गडी वेळेवर आले नाहीत, तेव्हा आईनं कात्री हातात घेतली. काडीवरून अंगठा फिरवायची, फुगीर डोळा तिला अंगठ्यालाच कळायचा, आणि त्याच्या पुढं कात्री चालायची. सुरुवातीला लोक बांधावर उभे राहून बघायचे. पुढं वस्तीतल्या बायका तिच्याकडं छाटणी शिकायला यायला लागल्या. पंचाऐंशीव्या वर्षापर्यंत बेदाणा शेडमध्ये बसून ती काड्या निवडत होती, हे तू स्वतः पाहिलंयस.

तेराव्याच्या दिवशी माणसं पांगल्यावर थोरलीनं पिशवीतून आधार कार्ड काढलं आणि म्हणाली, "कुठं सही करायची तेवढं दाखव." बाळा, मला तिच्याकडं बघवलं नाही. तिच्या हाताचा अंगठा अगदी आईसारखा आहे. ते कार्ड मी तिच्या पिशवीत परत घातलं.

सोमवारी तलाठ्याकडं अर्ज देतोय, तिघा भावंडांच्या नावांचा. आत्यांना तू स्वतः फोन करून सांग. माझ्यापेक्षा तुझ्या तोंडून ऐकलं तर त्यांना बरं वाटेल. आणि एप्रिलच्या खरड छाटणीला ये. आईच्या कात्रीला धार लावून ठेवलीय.

तुझा,
आबा