टाकीत तेल किती?

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू आपल्या दोन लढाऊ विमानांच्या जवळच्या झुंजीबद्दल विचारलंस, "डॉगफाइटमध्ये राफेल भारी की सुखोई, एका शब्दात सांगा." मी म्हटलं, टाकीत तेल किती आहे? तुला वाटलं बाबा चेष्टा करतायत, आणि तू फोन ठेवलास. चेष्टा नव्हती रे. रूममेटशी पैज लावलीस ते आईकडून कळलं. वडापावची असो नाहीतर पाचशेची, आधी प्रश्न नीट मांडायचा होतास.

तू मला वेग ऐकवलेस, मॅक दोन, म्हणजे आवाजाच्या दुप्पट, वगैरे. त्या वेगात गरागरा वळत कोणी झुंजत नाही. तुझ्याच फिजिक्सच्या सूत्रात आकडे घालून बघ. ताशी 720 किलोमीटर वेगाने 9 जी, म्हणजे वजनाच्या नऊपट भार, सोसत वळलं, तर त्रिज्या साधारण 450 मीटर येते. म्हणजे अख्खा घेर आपल्या ठाणे स्टेशनपासून तलावपाळीपर्यंत मावतो, आणि चक्कर 14-15 सेकंदांत पुरी. वेग दुप्पट केलास की त्रिज्या चौपट, घेर थेट माजिवड्याला. हळू असलेला आतून वळून तुझ्या शेपटीमागे येतो. आणि 9 जी म्हणजे माझे 78 किलो होणार 702. तेवढं अंगावर घेऊन मान मागे वळवून शत्रू शोधायचा. इथे आमची मान गाडी रिव्हर्स घेताना धरते.

पण नुसतं हळू असून भागत नाही, हे मला कसारा घाटात कळलं. भरलेली एसटी चढावर एकदा का दमली, की मागचा ट्रेलर हॉर्न मारत बसतो आणि आपण पहिल्या गिअरमध्ये रडत असतो. विमानाचंही तेच. करकचून वळलं की हवेचा अडसर वाढतो, वेग पडतो. पडलेला वेग परत आणायचा तर इंजिनात दम हवा, नाहीतर उंची मोडून खाली यायचं. उंची म्हणजे ठेव, अडीनडीला मोडायची. म्हणून वळणं दोन तऱ्हेची: एक झटक्यात मारायचं, दुसरं वेग न गमावता मारत राहायचं. मिराज 2000 चा त्रिकोणी पंख पहिल्यात पटाईत, पण तो वेग भराभर खातो. एफ-16 ची ख्याती दुसऱ्याबद्दल.

कोरियाच्या युद्धात उडून आलेल्या जॉन बॉइड नावाच्या अमेरिकन वैमानिकाने 1960 च्या दशकात थॉमस क्रिस्टी या गणितज्ञाला हाताशी धरून याचा हिशोब मांडला. इंजिनाचा जोर वजा हवेचा रोध, गुणिले वेग, भागिले वजन. येईल ती त्या क्षणाची शिल्लक. आता कळलं, तेल का विचारलं? वजन भागाकारात बसलंय. शिवाय ही शिल्लक दर उंचीला आणि दर वेगाला बदलते, त्यामुळे एकच विमान खाली वरचढ आणि वर मार खाणारं निघू शकतं.

कोरियाचंच बघ. रशियन मिग-15 अमेरिकन सेबरपेक्षा भराभर चढायचं, जास्त उंच जायचं. तरी पारडं सेबरवाल्यांचं जड राहिलं. सरावलेले वैमानिक हे एक कारण. दुसरं म्हणजे सेबरची काच फुग्यासारखी, चौफेर दिसायचं. आणि कंट्रोल हायड्रॉलिक, त्यामुळे डावीकडचं वळण सोडून उजवीकडे चटकन जाता यायचं. म्हणजे पॉवर स्टिअरिंग! त्याची किंमत जुन्या लाल एसटीचं स्टिअरिंग ओढून हात भरून आलेल्या माणसाला विचार.

पुढे तेच सेबर पाकिस्तानकडून आपल्यावर आलं आणि त्याला आपलं नॅट विमान भिडलं. इवलंसं, नजरेत न भरणारं, चपळ. 14 डिसेंबर 1971 ला श्रीनगरवर सहा सेबर आली, तेव्हा हल्ला चालू असताना निर्मलजितसिंग सेखों यांनी नॅट वर काढलं. हवाई दलाला मिळालेलं एकुलतं एक परमवीरचक्र त्यांचं. पण या नॅटच्या तोफा ऐन वेळी अडकायच्या, ही तक्रार 1965 च्या लढाईपासूनची. माहितीपत्रकात "30 मिलिमीटरच्या दोन तोफा" छापतात. "अडकतात" असं कोण छापेल?

आता तुझं सुखोई. धुळ्याच्या गाडीवर असलो की ओझरला कारखान्यावर कधी कधी दिसतं. तिथून एक निवृत्त फिटर चढतात, हटकून पुढच्या सीटवर. ते म्हणतात, नोझल, म्हणजे इंजिनाचं मागचं तोंड, वळवून सुखोई नाक आभाळाकडे उभं करतं तेव्हा लोक टाळ्या पिटतात, पण त्या करामतीत वेग संपतो. एकास एक असाल तर डाव साधेल. दुसरा शत्रू वर टपलेला असेल तर तू हवेत टांगलेला. त्यातून पुरं भरलेलं सुखोई 38 टनांच्या घरात, राफेल साडेचोवीस. मला विचारशील तर जवळच्या झुंजीत मी राफेलकडे झुकेन. पण सुखोई निम्म्या टाकीवर आणि राफेल तुडुंब, असं असेल तर गप्प बसेन.

सरावाचे निकाल तर जपूनच वाचावेत. 2004 ला ग्वाल्हेरला आपण अमेरिकेच्या एफ-15 ना जेरीस आणलं म्हणून छाती फुगवतो. त्यांची विमानं संख्येने कमी ठेवली होती, लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवर बंधन होतं, हे कोणी बोलत नाही. 2015 ला अमेरिकेचं नवं एफ-35 जुन्या एफ-16 पुढे कमी पडलं म्हणून गवगवा झाला, ती मुळात उड्डाणाच्या कंट्रोलची चाचणी होती. आणि हेल्मेटमधून नुसतं बघून आर-73 सारखं जवळच्या पल्ल्याचं क्षेपणास्त्र सोडता यायला लागल्यापासून अर्धं वळण मानेनेच होतं, ते वेगळंच.

आईने बेसनाचे लाडू केलेत. शुक्रवारी कराडच्या गाडीवर आपल्या डेपोचा माणूस आहे, त्याच्याकडे डबा देतो. सहाला स्टँडवर ये. पैज हरलास तर पैसे दे, लाडू देऊ नकोस.

ओझरचा फोटो मागितला होतास. माझे डोळे रस्त्यावर असतात रे. वरचं कंडक्टर बघतो आणि मला सांगतो.

तुझे,
बाबा