आधी शब्द ऐकू तर येऊ द्या

मुंबईत दिवाळी पहाटेचे कार्यक्रम आले की गाण्यात शब्द मोठे की चाल, हा वाद निघतोच. ख्यालाला बंदिशीच्या दोन-चार ओळी पुरतात, तराण्यात तर अर्थाचे शब्दच नसतात. भावगीत आणि लावणी मात्र शब्दांवरच उभी असते, आणि तेच शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत नाहीत.

शब्द ओळखू येतात ते व्यंजनांमुळे. त्यांची स्पष्टता बऱ्याच अंशी २ ते ४ हजार हर्ट्झच्या (सेकंदाला तितक्या कंपनांच्या) पट्ट्यात असते. नेमका तिथेच कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) चढवला जातो, वर गायकाच्या आवाजाला लांबलचक एको. मग 'सांज' काय नि 'सांग' काय, सारखेच!

कार्यक्रमाआधीच्या साउंड चेकला आधी फक्त गायकाचा माइक उघडावा. १०० हर्ट्झखालची घरघर कापावी, कीबोर्ड २ ते ४ हजारांच्या पट्ट्यात ३ डेसिबलने उतरवावा, एको सेकंदाच्या आत ठेवावा. मग गाणे ठाऊक नसलेल्या कुणाला तरी मागच्या रांगेत बसवून कडवे लिहून घ्यायला लावावे. आयोजकाला बसवून उपयोग नाही. गाणे पाठ असले की न आलेले शब्दही ऐकू येतात.

– एक ध्वनिसंयोजक, दादर, मुंबई