पक्याचं मागे पडलेलं घड्याळ

पुणे,
शनिवार, रात्रीचे दोन

प्रिय विन्या,

उत्तराला उशीर झाला, हव्या तेवढ्या शिव्या घाल. डिस्ट्रिब्युटेड ऑपरेटिंग सिस्टिमच्या (म्हणजे अनेक कॉम्प्युटरांना मिळून एकासारखं चालवायचं, त्या विषयाच्या) सबमिशनने आख्खा आठवडा खाल्ला.

काम किरकोळ वाटलं होतं. तीन लॅपटॉप, एक फाइल, आणि एका वेळी एकानेच तिच्यात लिहायचं. वर मुकादम कोणी नाही. ज्याला लिहायचंय त्याने बाकीच्या दोघांना विचारायचं, दोघे 'हो' म्हणाले की आत. रिकार्ट आणि अगरवाला यांची १९८१ची पद्धत. दोघांनी एकदम विचारलं तर ज्याच्या विनंतीवर आधीची वेळ, त्याचा नंबर. तिघांत दर खेपेला चार निरोप, बस.

'वेळ' म्हणून आम्ही लॅपटॉपचंच घड्याळ घेतलं आणि तिथेच माती खाल्ली. फाइलमध्ये माझी अर्धी ओळ, मध्येच पक्याची अर्धी, पुन्हा माझी. दोन रात्री कोड उसवला. मग लक्षात आलं, पक्याचं घड्याळ चार मिनिटं मागे! मी १०:०४ला विचारलं, पक्या 'हो' म्हणाला. तिसऱ्याचं उत्तर येईपर्यंत पक्यालाच लिहायची हुक्की आली. त्याच्या विनंतीवर वेळ १०:००. माझ्या कोडने मुकाट त्याला 'आधी तू' म्हटलं. पण त्याचा 'हो' माझ्या खिशात होताच की! तिसऱ्याचं उत्तर आलं आणि दोघंही आत.

यावरचा उतारा लॅम्पोर्ट नावाच्या संगणकशास्त्रज्ञाने १९७८मध्येच लिहून ठेवलाय. भिंतीवरचं घड्याळ विसरा, नुसता आकडा ठेवा. काही केलं की एकने वाढवा. निरोप आला की आपला आकडा आणि निरोपातला आकडा यांतला मोठा घेऊन त्यात एक मिळवा. म्हणजे माझा निरोप वाचल्यावर पक्याला माझ्या मागचाच नंबर मिळणार. कोडमध्ये जेमतेम तीन ओळी. मला तर हे गणितापेक्षा शहाणपण जास्त वाटतं.

एवढं करून काल ओरलच्या आदल्या रात्री सगळं पुन्हा ठप्प. कारण? तिसऱ्या लॅपटॉपची बॅटरी मेली. या पद्धतीत सगळ्यांचं उत्तर लागतं, एक गप्प बसला की बाकीचे ताटकळत. आणि निरोपाला किती वेळ लागेल याची हमीच नसेल, तर पलीकडचा मेलाय की नुसता रेंगाळतोय हे इकडून कळायला मार्ग नाही. ओरलला नेमकं हेच विचारलं. मी तुझं उदाहरण दिलं: मित्राला जूनमध्ये पत्र टाकलं, उत्तर दिवाळीत आलं. सर हसले, मार्क मात्र हातचे राखूनच दिले.

काकूंना नमस्कार सांग. चकल्या अजून पोचलेल्या नाहीत.

तुझा,
बंड्या