धंतोलीतल्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

माझा चेहरा आता स्वच्छ झालाय, त्याचे आभार तर आहेतच. पण पिंपल्ससाठी गर्भनिरोधक गोळ्या लिहून देण्याआधी तुम्ही जो वेळ दिलात, त्यासाठी हे पत्र.

दर पाळीच्या आधी हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला खोल, दुखरे फोड यायचे. ज्याला त्याला माझं खाणं दिसायचं. तर्रीपोहे सोड, तेलकट सोड, पोट साफ ठेव. पाळीबद्दल पहिल्यांदा विचारलं ते तुम्ही. मग बीपी घेतलंत. सिगारेट ओढतेस का, घरात कुणाच्या पायात रक्ताची गुठळी झाली होती का, डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा येतात का, सगळं विचारलंत.

गर्भनिरोधक गोळ्या म्हटल्याबरोबर आईचा चेहरा उतरला. लग्नाआधी पोरीला हे कशाला? तुम्ही खुर्ची तिच्याकडे वळवलीत. काकू, बाईच्या अंगातही थोडं पुरुषी हार्मोन असतंच, त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथी त्यावरच चालतात. या गोळ्यांनी अंडाशयात ते कमी तयार होतं, शिवाय रक्तातलं एक प्रथिन वाढतं आणि उरलेलं धरून ठेवतं. तेल कमी झालं की फोड कमी. पुढे मूल व्हायला यामुळे अडचण येत नाही, हे तर तिने न विचारताच सांगितलंत. ऑटोत बसल्यावर आई म्हणाली, "घे मग बाप्पा, पण वेळेवर घेशील."

सुरुवातीला मळमळेल, पाळी नसताना मधेच रक्ताचा डाग दिसेल, फरक पडायला निदान ३ महिने लागतील, हे आधीच सांगितलं होतंत म्हणून मी टिकले. नाहीतर गोळ्यांचं पहिलं पाकीट संपायच्या आतच सोडून दिलं असतं.

आणि ताई! तिलाही पिंपल्स, म्हणून माझ्याच गोळ्या तिनेही घ्याव्यात असं घरात चाललं होतं. तुम्ही तिला बोलावून घेतलंत. त्या नागमोडी रेषा तिला दिसतात. अशा मायग्रेनमध्ये माझ्यासारख्या, इस्ट्रोजेन हे हार्मोन असलेल्या गोळीने पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणून तिला स्पष्ट नाही म्हणालात आणि लावायचं औषध दिलंत. मेडिकलच्या काउंटरवर हे तिला कोण विचारणार होतं? तिच्यासाठी तुमचे आभार किती मानू, मॅडम.

शेजारच्या काकू त्यांच्या मुलीला तुमच्याकडे आणणार आहेत. आईनेच सांगितलंय त्यांना. तिलाही असंच सगळं विचारा.

आपली,
महालातली एक पेशंट