बाल्साला थेट रंग मारायला सांगू नका

संपादक साहेब, नमस्कार.

पुरवणीत मुलांसाठी बाल्साच्या, म्हणजे त्या फार हलक्या लाकडाच्या, ग्लायडरचा (बिनइंजिनाच्या छोट्या विमानाचा) लेख आला, बघून फार बरं वाटलं, मापं पण नीट दिलीत, पण शेवटी सगळं जोडून झालं की आवडीचा रंग द्या एवढंच म्हणून लेख संपवलात आणि तिथेच पोरांची मेहनत वाया जाणार आहे, म्हणून हे पत्र लिहितोय.

बाल्सा म्हणजे आतून पोकळच समजा. जिवंत झाडात त्याच्या पेशी पाण्याने गच्च भरलेल्या असतात आणि लाकूड वाळलं की तिथे नुसती हवा उरते, म्हणून ते इतकं हलकं. त्यावर थेट रंग मारला की पहिला हात लाकूड पिऊन टाकतं, दुसरा पण पितं, आणि वर तंतू उभे राहून हाताला खरखरीत लागतं. मग पोरं तिसरा, चौथा हात मारतात आणि विमान जड होत जातं. जरा हिशोब बघा, दीड मिलिमीटर जाडीची, १० सेंटीमीटर रुंद आणि ९० सेंटीमीटर लांब पट्टी साधारण २० ग्रॅम भरते, तिच्यावर ५ ग्रॅम रंग बसला तर वजन सरळ पाव पटीने वाढलं! त्यात शेपटीला जास्त बसला तर अजून पंचाईत, कारण शेपटी लांब असते, तिथल्या एका ग्रॅमला तोलायला नाकात दोन-तीन ग्रॅम घालावे लागतात.

म्हणून आधी सीलर, म्हणजे लाकडाची छिद्रं बुजवणारा लेप, मग रंग. आणि सीलरच्या पण आधी लाकडात कुठे नख लागून खड्डा पडला असेल तर त्यावर पाण्याचा एक थेंब सोडायचा, दबलेलं लाकूड फुगून बरंचसं वर येतं, हे सीलर लावल्यावर जमत नाही कारण मग पाणी आत जातच नाही. ते पूर्ण वाळलं की २४० आणि मग ३२० नंबरचा पॉलिश पेपर, तो पण सपाट ठोकळ्याला गुंडाळून. नुसत्या बोटाने घासलं तर मऊ जागी खळगे पडतात आणि सांध्यावरचा सुकलेला गोंद कडक असल्यामुळे तसाच उंच राहतो, रंग दिल्यावर ते सगळं दिसतं.

सँडिंग सीलर थिनर घालून पातळ करायचा, पातळ हात मारायचा, वाळू द्यायचा, ४०० च्या पेपरने घासायचं, असं दोन-तीनदा. सीलर नसेल तर डोपमध्ये (मॉडेल विमानांना लावतात ते पटकन वाळणारं लॅकर) टाल्कम पावडर कालवून पण छान काम होतं, पावडर छिद्रांत जाऊन बसते. मुद्दा एकच, पहिल्या हातानंतर जे लावलंय त्यातलं बहुतेक घासून परत काढायचं, फक्त छिद्रांत भरलेलं राहिलं पाहिजे. ही गोष्ट मला समजायला फार वेळ लागला, मी आधी थरावर थर चढवत बसायचो.

अजून एक, लेखात हे यायलाच हवं होतं. दोन्ही बाजूंना हात मारा! माझ्या पहिल्या ग्लायडरच्या पंखाला मी फक्त वरून डोप लावला, सकाळी बघतो तर पंख पन्हळीसारखा वाकलेला, कारण डोप वाळताना आकसतो आणि पातळ लाकडाला आपल्याकडे ओढतो. दोन्हीकडून लावला असता तर ओढ सारखी पडली असती. डोपमध्ये एरंडेल तेलाचे दोन-चार थेंब टाकले तर तो थोडा लवचिक राहतो आणि कमी ओढतो. दमट दिवसात मात्र डोप नकोच, थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि पांढरट डाग येतात.

लहान मुलांसाठी पाण्यात मिसळणारं व्हार्निश बरं. त्याने तंतू जास्त उभे राहतात हे खरं, पण पहिला हात वाळल्यावर एकदा नीट घासलं की बसतात, आणि वास कमी. डोप आणि सीलर फार पटकन पेट घेतात, हे मोठ्या माणसाने खिडक्या उघड्या ठेवून, जवळपास कुठे ज्योत नाही बघूनच वापरावं, आणि घासताना तोंडाला मास्क हवाच कारण ती धूळ फार बारीक असते.

कृपया पुढच्या अंकात एवढं तरी छापा, ज्या मुलांनी तुमचा लेख बघून लाकूड कापलंय ती अजून रंगापर्यंत पोचली नसतील.

आपला,
एक जुना वाचक