गिलमन स्ट्रीटच्या दारावर बसणाऱ्या ताईस

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुझे नाव कुठेही लिहायचे नाही, अशी अट तू घातली आहेस आणि ती मी पाळते आहे. माझी मुलगी तुला ताई म्हणते, म्हणून वयाने मोठी असूनही मीही तुला ताईच म्हणते. हे पत्र उघडपणे लिहिण्याचे कारण असे, की कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत, पंक या वेगवान, कर्कश रॉक संगीताच्या ‘गिलमन’ नावाच्या ज्या क्लबमध्ये तुझी-माझी भेट झाली त्याच्याबद्दल आपल्या मराठी माणसांना फार थोडे ठाऊक आहे, आणि मुलांच्या बंद खोलीतून येणारा तो कर्कश आवाज ऐकून माझ्यासारख्या कितीतरी आया आज फ्रीमाँटमध्ये, सनीव्हेलमध्ये आणि पुण्या-मुंबईतही काळजी करत बसल्या असतील. त्यांनीही हे वाचावे, असे मला मनापासून वाटते.

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरातला तो शनिवार तुला आठवत असेल. मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती. गणपतीच्या मिरवणुकीसाठी ढोल-ताशाच्या सरावाला ती जायची, तिथे ताशा हाती आला आणि ताशावरून ती ड्रमकडे वळली, इथपर्यंतचा प्रवास आम्हाला समजला होता. पण तिथून ती पंक संगीताकडे कशी गेली, हे मात्र आम्हा दोघांनाही उमगले नव्हते. त्याआधी महिनाभर एका ठिकाणी तिकीट काढून, दोन तास प्रवास करून आम्ही गेलो होतो, आणि एकवीस वर्षांखालील कोणालाही आत सोडता येणार नाही असे सांगून तिला दारातूनच परत पाठवले होते. घरी पोहोचेपर्यंत ती गाडीत रडत होती. म्हणूनच ती ‘गिलमन’ म्हणाली तेव्हा मी नाही म्हटले नाही, परंतु अर्ध्या तासात तिला घेऊन परतायचे असे मनाशी पक्के ठरवून मी आले होते. गिलमन स्ट्रीट आणि आठव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, शेजारी वेताच्या खुर्च्या विणण्याच्या सामानाचे दुकान, आजूबाजूला गोदामे, असा तो परिसर पाहून मी आणखी धास्तावले. कोणाला कळणार नाही अशा समजुतीने आम्ही मायलेकी दारातच मराठीतून वाद घालू लागलो. तू टेबलामागे पैशांची पेटी आणि हातावर मारायचा शिक्का घेऊन बसली होतीस. मान वर करून तू म्हणालीस, “काकू, तुम्ही पण आत या ना. बघा, आणि मग ठरवा.” त्या अनोळखी जागी माझ्या भाषेतले हे साधे वाक्य ऐकून मला किती धीर आला, हे मी आजवर तुला बोलून दाखवले नव्हते.

कानात घालायचे फोमचे बोळे तू माझ्या तळहातावर ठेवलेस आणि मी भिंतीला टेकून उभी राहिले. दारू नाही, अमली पदार्थ नाहीत, मारामारी नाही, वंशद्वेष नाही, स्त्रियांचा अपमान नाही, समलिंगी माणसांचा तिरस्कार नाही, हे तिथले नियम मी वाचले. पण नियम तर सगळीकडेच लिहिलेले असतात. माझे मत बदलले ते एका वेगळ्याच गोष्टीने. मंचासमोरच्या गर्दीत पोरे एकमेकांवर आदळत होती. मिनिट-दीड मिनिटाचे एक गाणे संपायच्या आत दुसरे सुरू होत होते. त्या धुमश्चक्रीत एक किडकिडीत मुलगा पडला. माझ्या तोंडून “अगं बाई!” निघेपर्यंत चार जणांनी त्याला बगलेतून धरून उभे केले होते. त्याचा चष्मा कुठेतरी उडाला होता. निळ्या केसांची एक मुलगी तो चष्मा डोक्यावर उंच धरून, गाणे संपेपर्यंत हात खाली न घेता, तशीच उभी राहिली. मुलाने येऊन चष्मा घेतला, सदऱ्याला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा गर्दीत शिरला. अर्ध्या तासाची मुदत मी तिथेच विसरले.

कार्यक्रम संपल्यावर, “ही मुले इथे नक्की काय करतात?” असे मी तुला विचारले. तू उत्तर दिले नाहीस, माझ्या हातात झाडू दिलास. फोमचे बोळे, ड्रमच्या काठ्यांची शकले, चिकटपट्टीचे तुकडे आणि गाण्यांचा क्रम खरडलेला, बुटांचे ठसे उमटलेला एक कागद, असा तो सगळा केर आपण दोघींनी मिळून काढला. झाडता झाडता तू मला या जागेचा इतिहास सांगत गेलीस, आणि पुढचे अनेक शनिवार सांगत राहिलीस. त्यातले मला जे समजले, ते इथे लिहिते.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर या भागातले पंकचे कार्यक्रम मारामाऱ्यांनी नासले होते. कमी वयाच्या मुलांना तर जायला जागाच नव्हती, कारण बहुतेक क्लबांचे पोट दारूविक्रीवर भरते आणि जिथे दारू तिथे वयाची अट आलीच. बर्कलीच्या केपीएफए रेडिओवर १९७७ पासून पंक वाजवणारे आणि १९८२ मध्ये ‘मॅक्सिमम रॉक-एन-रोल’ हे मासिक काढणारे टिम योहॅनन, तसेच व्हिक्टर हेडन, ड्रमर कमला पार्क्स आणि त्यांचे अनेक सोबती यांनी दारू न विकणारी, नफा न कमावणारी, सर्व वयांच्या लोकांसाठी खुली असलेली जागा उभी करायचे ठरवले. बाई ड्रमर, आणि नाव कमला! हे ऐकताच माझ्या मुलीचे डोळे कसे चमकले होते, ते तूही पाहिले आहेस. नगरपालिकेच्या परवानग्यांसाठी खेटे घालायचे, शेजाऱ्यांची समजूत काढायची, संडास-नळापासूनची कामे स्वतःच्या हातांनी करायची, यात या मंडळींनी महिनेच्या महिने घातले आणि अखेर ३१ डिसेंबर १९८६ च्या रात्री तिथे पहिला कार्यक्रम झाला.

आत येणाऱ्या प्रत्येकाने २ डॉलर भरून वर्षभराचे सदस्यत्व घ्यायचे, अशी पद्धत त्यांनी ठेवली. सदस्य म्हटले की बैठकीत बसायचा आणि मत द्यायचा हक्क मिळतो. हे तू सांगितलेस तेव्हा मला माझे वडील आठवले. गिरगावात आमच्या चाळीच्या गणपतीची वर्गणी गोळा करायला ते पावतीपुस्तक घेऊन खोलीखोलीतून फिरत, आणि ज्याने आठ आणे दिले आहेत तोही मांडवाच्या खर्चाचा हिशेब मागू शकतो, असे आम्हाला बजावत. दारावर बसणे, पहारा देणे, साऊंड सांभाळणे, खाऊचे छोटे दुकान चालवणे ही सगळी कामे इथे बिनपगारी माणसे करतात. कार्यकर्ता म्हणजे काय, हे मला कोणी नव्याने समजावून द्यायला नको होते. मात्र माझी मुलगी जिथे जाते तिथेही कार्यकर्तेच आहेत, हे तू दाखवले नसतेस तर मला कधीच दिसले नसते.

तू सांगितलेल्या हकिकतींपैकी १९८८ ची हकिकत माझ्या मनात सर्वांत खोल रुतली आहे. पावणेदोन वर्षांतच योहॅनन आणि त्यांचे सहकारी थकून गेले. पैसा आटत होता, मोडतोड होत होती, गाणी ऐकायला शेकडो जण येत असले तरी रात्री उशिरा थांबून केर काढायला तीच ती मोजकी माणसे उरत होती. त्या सप्टेंबरमध्ये त्यांनी क्लब बंद केला. ज्यांनी पैसा ओतला, ज्यांच्या मासिकाचा आधार होता, त्यांनीच हात टेकल्यावर ती जागा संपायला हवी होती. पण तोवर जी मुले नुसती कामाला येत होती, त्यांच्यापैकी काहींनी सामान उचलू दिले नाही. त्यांनी आपापसात कामे वाटून घेतली, भाड्याची जबाबदारी अंगावर घेतली आणि ऑक्टोबरमध्येच ‘अल्टरनेटिव्ह म्युझिक फाउंडेशन’ या नावाने दरवाजे पुन्हा उघडले. योहॅनन १९९८ मध्ये कर्करोगाने गेले. त्यांनी थांबवलेला क्लब त्यांच्या मागेही चालू आहे. संस्थापकांचे नाव घेताना आपण १९८६ सांगतो, पण मला विचारशील तर खरी स्थापना ऑक्टोबर १९८८ मधली आहे.

पुढचा भाग बाहेरच्या जगालाही माहीत आहे. शेजारच्या ऑल्बनी गावातल्या, म्हणजे तुझ्याच गावातल्या, टिम आर्मस्ट्राँग आणि मॅट फ्रीमन यांचा ‘ऑपरेशन आयव्ही’ हा बँड पंकमध्ये जमैकाच्या ‘स्का’ या नृत्यसंगीताची लय मिसळून इथे वाजवू लागला आणि जेमतेम दोन वर्षे टिकला. २८ मे १९८९ रोजी त्यांनी गिलमनमध्ये निरोप घेतला, आणि त्याच कार्यक्रमात ‘स्वीट चिल्ड्रन’ हे जुने नाव टाकलेल्या काही पोरांनीही वाजवले. त्यांचे नवे नाव ‘ग्रीन डे’. १९९३ मध्ये त्यांनी मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केला आणि मोठ्या कंपनीच्या बँडला इथे मंच नाही, या नियमाने त्यांना गिलमनचे दार बंद झाले. त्यांनी त्याच बर्कलीत ध्वनिमुद्रित केलेला पुढचा अल्बम १९९४ मध्ये आला आणि एकट्या अमेरिकेत त्याच्या १ कोटीहून अधिक प्रती खपल्या.

आपल्याच अंगणात वाढलेल्या पोरांना असे बाहेर ठेवणे मला निष्ठुर वाटले होते, आणि त्यावरून मी तुझ्याशी बराच वाद घातला. तू तेव्हा मला आठवड्याच्या कार्यक्रमांची यादी दाखवलीस. त्यातल्या एकाही बँडचे नाव मी ऐकलेले नव्हते. मोठे नाव एकदा आले की त्या रात्रीची गर्दी त्याचीच होते, आणि कोणीच ओळखत नाही अशा चार पोरांना त्यांचे पहिले वीस मिनिटांचे वाजवणे कुठे मिळणार, हा तुझा प्रश्न होता. आज माझी मुलगी त्या चार पोरांपैकी एक आहे, त्यामुळे नियमाचे मोल मला कळते. तरीही २०१५ मध्ये, ओकलंडच्या आगीत नुकसान झालेल्या एके प्रेस या प्रकाशन संस्थेला आणि तिच्या शेजारच्या छापखान्याला मदत म्हणून झालेल्या कार्यक्रमात ‘ग्रीन डे’ पुन्हा त्याच मंचावर उभे राहिले, हे वाचून मला घरातला मुलगा घरी आल्यासारखे वाटले.

१९९४ मध्ये ‘डेड केनेडीज’ या पंक बँडचे माजी गायक जेलो बियाफ्रा यांना याच क्लबमध्ये मारहाण झाली आणि त्यांच्या पायाला गंभीर दुखापत झाली, हेही तू माझ्यापासून लपवले नाहीस. काळजीत असलेल्या आईला ते न सांगणे सोपे होते. तू सांगितलेस, आणि म्हणूनच तुझ्या बाकीच्या शब्दांवर माझा विश्वास बसला.

न्यू यॉर्कचा सीबीजीबी हा क्लब पंकची जन्मभूमी मानला जातो. तो १९७३ मध्ये उघडला आणि भाड्याच्या वादातून २००६ मध्ये बंद पडला. पुढे त्या जागी कपड्यांचे दुकान आले. गिलमन भाड्याच्या जागेत, रोजच्या हिशेबाची चिंता करत, मार्च २०२० पासूनचा साथीचा लांबलचक बंद काळ सोसूनही उभा आहे. यामागे तुझ्यासारख्यांचे किती शनिवार गेले असतील, याचा हिशेब कोणाकडेही नाही.

आता मुख्य आभाराकडे येते. वाजवण्याआधी बँडने आपली गाणी लिहून दाखवावीत, कोणाचा द्वेष करणारे शब्द मंचावर जाऊ नयेत, ही गिलमनची जुनी पद्धत. मुलीच्या बँडची गाणी तू मागितलीस तेव्हा त्यांतले एक मराठीत निघाले. इंग्रजी करून द्यायला तुला स्वतःला पाच मिनिटे लागली असती. पण तू तो कागद घडी घालून माझ्याकडे पाठवलास आणि, “काकू, हे तुम्हीच करा,” एवढाच निरोप दिलास.

ते गाणे तिच्या आजोबांवर होते. ते २०२१ मध्ये गेले तेव्हा विमाने मिळत नव्हती, आणि त्यांचा अंत्यविधी आम्ही फ्रीमाँटच्या स्वयंपाकघरात, मोबाईल ओट्यावर बरणीला टेकवून पाहिला होता. त्या दिवसानंतर ती त्यांच्याबद्दल एक शब्दही बोलली नव्हती, आणि तिला फारसे काही वाटले नाही, असे मी आईपणाच्या अधिकारात ठरवून टाकले होते. कागदावर तिने ती बरणी लिहिली होती. मोबाईल मध्येच घसरून पडला आणि मी तो पुन्हा नीट उभा केला, तेही लिहिले होते. भाषांतर करायला मला दोन रात्री लागल्या. दुसऱ्या रात्री एका शब्दासाठी मी तिच्या खोलीचे दार वाजवले, आणि आम्ही पहाटेपर्यंत बोलत बसलो.

ताई, तुझे आभार मी कोणत्या शब्दांत मानावेत, हे मला खरोखर सुचत नाही. मुलीच्या बँडच्या कार्यक्रमाच्या दिवशी तिचे बाबाही येणार आहेत. त्यांच्यासाठी कानाचे बोळे बाजूला काढून ठेव. येत्या शनिवारच्या बैठकीला मी वेळेवर पोहोचेन. मंचामागचा झाडू पार झिजला आहे, त्यामुळे नवीन घेऊनच येते. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

तुझी,
काकू